दारावरचे दोघे

संपादकांनी फोनवर सांगितलं, “तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकाला हसू आलं पाहिजे.” गमती आहेत, नाही असं नाही. त्या आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी रडगाणं लावलं तरी शब्द पाळल्यासारखं होईल.

मी लग्नघरच्या भिंती रंगवतो. आमच्या वाशीमच्या आसपासच्या खेड्यांत ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घराची रस्त्याकडची भिंत चितारायची रीत आहे. दारावर गणपती, मग हत्ती, मोर, कलश, केळीचे खांब, ठळक अक्षरांत नवरा-नवरीची नावं, आणि दाराच्या दोन्ही अंगांना पहाऱ्याला उभे दोन फेटेवाले. डावीकडे भालदार, त्याच्या हाती भाला. उजवीकडे चोपदार, त्याच्या हाती दंड. परगावच्या पाहुण्याला मग लग्नघर कुठलं हे विचारावं लागत नाही. आता बहुतेक लोक फ्लेक्स लावतात, त्यावर नवरा-नवरी काळे चष्मे लावून कुठल्याशा बर्फात उभे असतात. तरी जुन्या वळणाची काही घरं अजून मला बोलावतात. मी अनसिंगला राहतो. नाव मधुकर. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात ‘मधू आर्ट’ अशी सही करतो. लोक तोंडावर मधू पेंटर म्हणतात, पाठ वळली की मधूबाई म्हणतात. माझे कान तिखट आहेत, मला दोन्ही ऐकू येतं.

बाकीचे पेंटर खाका वापरतात. खाका म्हणजे जाड कागदावर चित्र काढून रेघांवर सुईने भोकं पाडलेली असतात. कागद भिंतीला लावायचा, खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, की ठिपक्या-ठिपक्यांत हत्ती उमटला. काम झपाट्याने होतं आणि दहा गावांत एकच हत्ती फिरतो. मला हे कधी जमलं नाही. मी भिंतीसमोर नुसता बसतो. भिंतीला ओलीचे डाग असतात, गिलाव्याला पोपडे असतात, कुठे जुन्या खुंटीचं भोक असतं. बराच वेळ पाहिलं की त्यांतून काहीतरी डोकं वर काढतं. ओलीच्या डागाची सोंड होते, खुंटीच्या भोकाचा मोराचा डोळा होतो. घरवाल्यांना वाटतं पेंटर कामचुकार आहे. एका वरबापाने तर मला विचारलं होतं, “पेंटर, भीत रंगवाले आले का भीत राखाले?”

दुसरी खोड अशी की माझं जे काही चाललेलं असेल ते भिंतीवर जातं. मी ठरवून करत नाही, हातच ऐकत नाही. एका लग्नसराईत माझी दाढ सुजली होती, तर त्या सालचे सगळे भालदार एका गालाने फुगलेले निघाले. माझी आई गेली त्या उन्हाळ्यात मला उभा हत्ती काढताच येईना. सगळे हत्ती बसलेले. लोक चिडले. वरात निघायच्या वेळी हत्ती खाली बसलेला कोणाला आवडेल? मी सांगून टाकलं की हत्ती नवरीला पाठीवर घेण्यासाठी बसलाय. ही थाप इतकी चालली की पुढच्या वर्षी दोन घरांनी बसलेलाच हत्ती मागितला.

रिठदची गोष्ट तर माझ्यावरच उलटली. तिथल्या एका घरी दाराच्या वरच्या पट्टीत पाच करवल्या काढायच्या होत्या. मी सहा काढल्या. सहावी मी होतो. आईची नथ माझ्याकडे होती, ती नाकाला लावून, गोल आरशात पाहून, मी स्वतःला हिरव्या लुगड्यात रंगवलं आणि फार खुशीत होतो. नवरदेवाची आजी काठी टेकत बाहेर आली, मान वर करून एकेक करवली पाहत गेली आणि सहावीपाशी थांबली.

“हे कोन व्हय रे? इची नथ उजव्या नाकात काहून?”

आरशात पाहून काढल्यावर डावं-उजवं उलटतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हातारीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि हसून हसून तिला ठसका लागला. मला वाटलं आता घरातल्या बाप्यांना हाक मारते. तर म्हणाली, “राहू दे बाप्पा. पाच पोरीत आनखीन एक खपून जाते.” त्या घरचं जेवण मी आजवर विसरलेलो नाही.

गमती संपल्या. आता सरळ लिहितो. मला पुरुष आवडतात. तरुणपणी मला मुली पाहायला नेत तेव्हा मला मुलीचा भाऊच आवडायचा. शेवटी मी नाद सोडला आणि घरच्यांनीही सोडला. आता आई-वडील नाहीत, वय साठीला टेकलं, कोण काय म्हणेल याची धास्ती पुष्कळ कमी झाली आहे. आणि ज्याच्यासाठी मी गप्प बसलो होतो तो प्रल्हादही नाही.

प्रल्हाद इंझोरीचा. चुना मारायचं काम करायचा. माझ्या रंगाआधी भिंत पांढरी लागते, म्हणून लग्नघरी तो एक दिवस आधी आणि मी दुसऱ्या दिवशी, अशी आमची ओळख झाली. पुढे पुढे तो एक दिवस आधी येऊन दुसऱ्या दिवशीही थांबू लागला. अंगाने जाड, मिशा दाट, हसला की पोट हलायचं. बायको होती, मुलगी होती. आमचं काय होतं ते मी एवढंच सांगतो की होतं, आणि ते पंचवीस-तीस वर्षं टिकलं. पुष्कळांच्या लग्नांचं यापेक्षा लवकर भजं झालेलं मी पाहिलं आहे, ती लग्नं मीच रंगवलेली होती.

माझे भालदार आणि चोपदार केव्हा बदलले ते मला नीट आठवत नाही. एका भिंतीवर उजवीकडचा चोपदार काढताना त्याला पोट आलं, मिशा दाट आल्या, आणि मी रंग ठेवून मागे सरलो तर तो प्रल्हाद होता. मग डावीकडचा भालदार कोण हे ओघानेच आलं. लांब नाक, खोल गेलेले गाल. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक भिंतीवर दाराच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला तो असे उभे राहू लागलो. मधून नवरा-नवरीची जोडपी आत जायची, वर गणपती असायचा. मला त्यात पोरखेळाचा आनंद होता. आमच्या नशिबी मांडव नव्हता, पण अख्ख्या तालुक्यातल्या मांडवांना आम्ही दोघं पहारा देत होतो.

प्रल्हादने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “हा मी व्हय का?”

“नाही, चोपदार व्हय.”

“एवढ्या पोटाचा चोपदार? चोर पयला त धावन कसा?”

एवढंच बोलला आणि बादली धुवायला गेला. त्याला आवडलं की नाही हे मला कधीच कळलं नाही. तो अशा बाबतीत बोलायचाच नाही. मी कधी छेडलं तर चुन्याकडे वळायचा, पाणी कमी झालं म्हणायचा, ब्रश झडला म्हणायचा. आणि दिवाळी आली की त्याच माणसाला त्याच भिंती पांढऱ्या करायचं काम मिळायचं. म्हणजे उन्हाळ्यात मी आम्हांला काढायचं आणि दिवाळीला त्याने पुसायचं. मी एकदा चिडून म्हटलं, “तुले काही वाटत नाही का रे?” तर म्हणाला, “भीत कोरी झाली त तुले पुन्हा काम भेटते ना.”

फक्त एकदा लोकांच्या लक्षात आलं. अनसिंगजवळच्याच एका गावात नवरदेवाचे काका जरा शिस्तीचे होते. भिंत पुरी झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

“पेंटर, हे दोघं एकमेकाकडे काहून पाहून राह्यले?”

मला खरंच ठाऊक नव्हतं. पहारेकऱ्यांनी रस्त्याकडे पाहायचं असतं, सगळ्या खाक्यांत तसंच असतं. माझ्या भिंतींवर मात्र दोघांची बुबुळं दाराकडे, एकमेकांकडे वळलेली होती, आणि ती किती वर्षांपासून तशी होती ते कोणाला ठाऊक!

“चोर आला त यायले कसा दिसन?” काका म्हणाले. “डोये रस्त्याकडे करा.”

मी चोपदाराचे डोळे रस्त्याकडे केले. भालदाराचे करता करता दुपार झाली, जेवणाची हाक आली, आणि परत आलो तेव्हा काका मांडवाच्या कामाला लागले होते. मी ते डोळे तसेच सोडून निघून आलो. त्या भिंतीवर मी त्याच्याकडे पाहत होतो आणि तो भलतीकडेच पाहत होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी माझ्या चित्राखाली कोळशाने एक घाण शब्द लिहिला. प्रल्हादला गावात कोणी सांगितलं की काय, तो बादली घेऊन आला, तेवढ्या शब्दावर चुना मारला आणि गेला.

गेल्या वर्षी, वैशाखात, त्याच्या पोरीचं लग्न निघालं. तो माझ्या घरी आला, पाणी प्याला, आणि दाराकडे पाहत म्हणाला, “भीत तुलेच काढा लागन.” मी म्हटलं, काढीन की. तो उठला, चप्पल पायात घातली, आणि मग म्हणाला, “आपल्याले काढजो. दोघाले.” त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट.

मी इतकी चांगली भिंत पुन्हा काढली नाही. त्याच्या घराला टिनाची पडवी आहे, त्यामुळे ऊन-पाऊस लागत नाही. मी सावकाश काम केलं. त्याची बायको, कांतावहिनी, चहा घेऊन यायची आणि कप रिकामा होईपर्यंत भिंतीकडे पाहत उभी राहायची. एकदाच म्हणाली, “यायच्या मिशा त पांढऱ्या झाल्या मधूभाऊ. तुमी काया काढल्या.” मी म्हटलं, “लग्नघर आहे वहिनी, चालते.” लग्नात प्रल्हाद नवीन सदरा घालून दारात उभा होता, चोपदाराच्या अगदी शेजारी, आणि पाहुणे हसत होते की बापाला दोनदा उभं केलं. भालदाराकडे कोणी नीट पाहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. वाशीमला नेता नेता वाटेतच संपलं. मला ते दुपारी एका गिऱ्हाइकाकडून कळलं, तेही सहज, की तुमचा चुनावाला गेला म्हणे. मी एस.टी.ने पोहोचलो तेव्हा त्याला पडवीत ठेवलं होतं, त्याच भिंतीखाली. कांतावहिनी आणि पोरगी ओट्यावर बसल्या होत्या, बायका त्यांना धरून होत्या. मला त्याच्याजवळ जायचं होतं. तर माझ्याच डोक्यात आलं की भिंतीजवळ गेलो आणि कोणी माझा चेहरा भालदाराशी ताडून पाहिला तर? मी रस्त्यापलीकडे, बाभळीखाली उभा राहिलो. भिंतीवरचा मी मात्र जागचा हलला नाही, तो त्याच्या उशाशीच होता. तिरडी उचलताना खांदा द्यायला पुढे झालो, तर त्याचा पुतण्या म्हणाला, “पेंटर, तुमी व्हा बाजूले, भाऊबंद हायेत.” तो वाईट बोलला नाही. भाऊबंद होतेच.

माणूस गेल्यावर लोक रडणाऱ्याला विचारतात, तुमचा कोण होता. भाऊ होता, काका होता, सोयरा होता, असं काहीतरी सांगावं लागतं. मला सांगायला काहीच नव्हतं, म्हणून मी रडलोही नाही. घरी येऊन भात टाकला आणि तो करपू दिला. पुढे वर्षभर हेच माझ्या मानेवर बसलं होतं. ज्याच्यासोबत आयुष्य काढलं त्याच्यासाठी बसायला मला जगात कुठे जागा नव्हती. रडायचं असेल तर दार लावून, आवाज दाबून. आजही हे लिहिताना राग येतो. कोणाचा येतो ते मात्र नक्की सांगता येत नाही.

घरात मयत झालं की वर्षभर सण नाही, आणि सण नाही म्हणून चुना नाही. त्यामुळे त्या दिवाळीला ती भिंत तशीच राहिली. मी कधी मानोऱ्याला काम आहे, कधी कोणाला भेटायचं आहे, असं स्वतःलाच सांगून इंझोरीवरून जाणारी गाडी धरायचो. खिडकीतून ती भिंत जराशी दिसायची. पडवीखाली रंग टिकला होता. तो तिथे होता आणि माझ्याकडे पाहत होता.

यंदा पोळा झाल्यावर कांतावहिनीचा फोन आला.

“वर्षसराद झालं मधूभाऊ. आता घर उजळा लागते. पोरगी बाळंतपनाले येऊन राह्यली.”

“दुसरा कोणी पाहून देऊ का चुन्याला?”

“दुसरा कायले? तुमीच या.”

मी गेलो. तिने प्रल्हादच्या बादल्या घासून ठेवल्या होत्या, चुना भिजवला होता, दोन ब्रश पाण्यात घातले होते. दोन कशाला, असं मला वाटलं. आधी आम्ही हत्ती पुसला, मग मोर, मग पोरीचं नाव. ती लुगडं खोचून माझ्या बरोबरीने मारत होती, आणि तिचा हात अगदी प्रल्हादसारखा चालत होता, वरून खाली, मग आडवा. शेवटी दाराशी आलो. मी चोपदाराकडे वळलो तशी ती मधे आली.

“तुमचा तुमी मारा,” तिने भालदाराकडे ब्रश दाखवला. “माहा मी मारतो.”

माझ्या हातातून चुना जमिनीवर ठिबकत राहिला. मी विचारलं, “कधीपासून ठाऊक आहे वहिनी?”

“लय दिवसापासून. तुमी भीत काढली का मले फटफटीवर बसवून पाहाले नेत. रिठदले नेलं, अनसिंगले नेलं. म्हनत, पाह्य, मी कसा दिसतो. लय कवतिक होतं त्यायले.”

त्याला आवडलं होतं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते मला त्याच्या बायकोकडून कळलं. ती पुढे म्हणाली, “मंग एका खेपेस मले दिसलं, दुसरा कोन व्हय ते. घरी येऊन मी जेवली नाही. मलेबी वाटे, आपल्यालेबी कोनी असं काढावं भितीवर.” ती हे रागाने बोलली नाही.

मी माझ्यावर चुना मारला. स्वतःला पुसायला फार वेळ लागत नाही. तिने त्याच्या पायांपासून सुरुवात केली, जोडे, धोतर, कमरेचा शेला, दंड, पोट. छातीपर्यंत आली आणि तिचा हात थांबला. ब्रश तिने बादलीत टाकला.

“तोंडावर माह्यानं होत नाही,” ती म्हणाली. “तुमी करा.”

मी केलं. कपाळ, डोळे, काळ्या काढलेल्या त्या मिशा. चुन्याचं असं असतं की ओला असताना तो खालचं सगळं दाखवतो, वाळेल तसा पांढरा होत जातो. चुना मारून झाला तरी प्रल्हाद स्वच्छ दिसत होता, अंघोळ करून आल्यासारखा. मी ब्रश धुतला आणि पायऱ्या उतरून रस्त्याकडे निघालो.

“कुठी चालले?” कांतावहिनी ओट्यावर बसली होती. तिची नजर भिंतीवरच होती. “वाळाले टाइम लागते.”

आणि ती जरा सरकली. मी तिच्या शेजारी बसलो. समोरून लोक जात-येत होते, पाहत होते. आम्ही दोघं तिथेच बसून रडलो, तो दिसेनासा होईपर्यंत.